बळीरामाचा अंगठा

पनवेल, सोमवार, १ जुलै १९५७

नेऱ्याच्या शाळेचे ओगले मास्तर आज भर पावसात मामलेदार कचेरीच्या ओट्यावर आले आणि माझ्या मांडीवर ही वही ठेवली. म्हणाले, "तुळशीराम, पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्याला दहा वर्षं होतात. शाळेपुढे दगड बसवायचा आहे. तीस साली गावातून जंगल सत्याग्रहाला जे गेले त्यांची नावं त्यावर कोरायची. तुम्हाला आठवतं ते सगळं लिहून काढा."

मी म्हटलं, "मास्तर, परवा काय जेवलो ते मला आठवत नाही."

"ते नको आहे," मास्तर म्हणाले. हा माणूस स्वतः कधी हसत नाही.

समितीसाठी वेगळ्या कागदावर चांगल्या अक्षरात लिहीन. ही वही माझी मला राहू दे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. मिठागरावर मापाडी होतो, गोणींवरचे शिक्के बघून बघून अक्षरं ओळखीची झाली, मग पावत्या, मग वर्तमानपत्राचे तुकडे. पंचवीस वर्षं झाली, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. 'मी खाली अंगठा करणार' असं हजार वेळा लिहिलं, त्यातला मी कधीच मी नव्हतो. त्यामुळे आता स्वतःबद्दल लिहायचं तर टाक अडतो.

अकरा जण गेलो होतो. आता मी एकटा उरलो आहे, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. पाय सुजले आहेत. आज एवढंच.

रविवार, ७ जुलै

शाळेत बैठक झाली. बैठक म्हणजे मास्तर, मी आणि नियाजभाई. नियाजभाईंची पनवेलला लाकडाची वखार आहे. दगडाचा आणि पाथरवटाचा खर्च ते करणार. मला बघून म्हणाले, "या तुळशीरामभाऊ! जंगलात चार पेंढ्या गवत कापलंत तर तुमच्या नावाचा दगड. मी रोज अख्खं झाड कापतो, मला कुणी फुलाची पाकळीसुद्धा देत नाही."

"तुम्ही परवाना काढून कापता," मी म्हटलं.

"तीच तर चूक झाली माझी!"

मास्तरांनी नियम वाचून दाखवला. ज्यांनी शिक्षा पुरी भोगली, त्यांचंच नाव. खातरजमेला अलिबागहून कैद्यांची जुनी यादी मागवली आहे. झेंडा मी फडकवायचा. नियाजभाईंनी टाळी दिली.

'शिक्षा पुरी भोगली' हे शब्द ऐकले तेव्हाच मला बोलायला हवं होतं. चहा आला, तो पीत बसलो.

रविवार, १४ जुलै

नेऱ्याला हौसावहिनींकडे जाऊन आलो. बळीरामाची बायको. बळीराम दोन वर्षांपूर्वी दम्याने गेला. माझ्याच वयाचा, आम्ही एका ओढ्यात पोहायला शिकलो.

वहिनींनी तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी वाढली. मुलगा महादेव शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी आला आणि पडवीत बसला. म्हणाला, "काका, बाबाचं नाव कितवं येल?"

"अजून ठरायचंय."

"वरती घाला. शालंतल्या पोरांना वाचाला मिलंल, त्यांच्यात माजी बी दोन हायेत. त्यांना सांगतंय मी, तुमचा आजा जेलात व्हता."

वहिनींनी पुन्हा भाजी वाढली. मला म्हणाल्या, "भावजी, भाकर मोडा. थंड व्हईल."

बळीराम जेलात होता हे खरं आहे. सहा महिन्यांची शिक्षा होती, दीड महिन्यात घरी आला. गावाला वाटतं आजारी म्हणून सोडला. खरं काय ते मला माहीत आहे. वहिनी समोर बसलेल्या, म्हणून महादेवाच्या तोंडाकडे न बघता दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मंगळवार, २३ जुलै

आठ दिवस वही उघडली नाही. आज लिहून टाकतो, मग कुणाला सांगायचं की नाही ते पाहू.

तीस साली भादव्यात आम्ही अकरा जण विळे घेऊन सरकारी रानात शिरलो, गवत कापलं, धरले गेलो. तुरुंगात आम्हा नेरेकरांत अक्षर ओळखणारा मी एकटा. दिवाळीच्या आधी बळीरामाला पत्र आलं. पोलीसपाटलाने हौसावहिनींसाठी लिहून दिलेलं. आठवा महिना भरत आलाय, अंगावर सूज आहे, भात उभं आहे, कापायला कुणी नाही. मी वाचून दाखवलं. बळीराम ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, "तुळशा, माजा रजेचा अर्ज लिव."

मी जेलरसाहेबांकडे चौकशी केली. ते म्हणाले, रजा वगैरे काही नसते. माफीनामा असतो. त्यांनी मसुदा दाखवला, उणापुरा तीन ओळींचा. माझ्या हातून गुन्हा घडला, मी माफी मागतो, पुन्हा असे करणार नाही.

हे बळीरामाला सांगितलं असतं तर तो तिथेच बसून राहिला असता, असं मला वाटलं. अभिमानी माणूस. आणि तिकडे वहिनींचं काय झालं असतं? मी त्या तीन ओळी उतरवून काढल्या आणि त्याच्यापुढे कागद धरून भलतंच वाचलं. 'माझी पत्नी अवघडलेली आहे, शेतात भात उभे आहे, घरी कर्ता पुरुष नाही, तरी कृपावंत होऊन रजा मिळावी.' तोंडाला येईल ते वाचत गेलो. बळीराम म्हणाला, "बेस लिवलंस." आणि अंगठा केला.

तो घरी गेला. मी शिक्षा पुरी भोगली. सुटून आल्यावर गळ्यात हार पडले.

बळीराम नंतर माझ्याशी कधी वावगं वागला नाही. पण झेंडावंदनाला कधी यायचा नाही. सत्तेचाळीस सालीसुद्धा लांब चिंचेखाली उभा होता. मात्र गावात श्रमदान निघालं की हा सगळ्यांच्या पुढे. शाळेच्या चौथऱ्याचे निम्मे धोंडे त्याच्या डोक्यावरून आलेले आहेत. मला वाटायचं, स्वभाव एकेकाचा.

शनिवार, ३ ऑगस्ट

अलिबागची यादी आली. मास्तरांनी माझ्यासमोर ठेवली आणि बोट लावलं. बळीरामाच्या नावापुढे लिहिलंय, 'माफी मागितल्यावरून सुटका'.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मास्तरांनी विचारलं.

मी म्हटलं, "पावसाने यादी ओली झालीय, जपा."

मास्तर म्हणाले, "मग नावं दहाच."

रविवार, ४ ऑगस्ट

बायकोला, भामाला, सांगितलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं रागावेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बळीरामभावजींना पत्र गेलं म्हणून ते आले."

"हो."

"मी पाठवलं असतं तर तुम्ही आला असता?"

तीस सालचा मी वेगळा होतो. तरी खरं तेच सांगितलं. "आलो असतो."

"म्हणूनच नाही पाठवलं," भामा म्हणाली, आणि सूप झटकून आत गेली.

याचा अर्थ मला नीटसा लागला नाही. त्या मार्गशीर्षात आमची मालू तापाने गेली, चार वर्षांची. मला ते फाल्गुनात, गळ्यात हार घालून दारात आलो तेव्हा कळलं. तेव्हा भामा म्हणाली होती, पत्र लिहायला कुणी मिळालं नाही. पोलीसपाटील तर तेव्हा नेऱ्यात आमच्या शेजारच्याच आळीत राहायचा. असेल काही. इतक्या वर्षांनी उकरून काय काढायचं?

तिचे गुडघे पावसात फार दुखतात. पाणी तापवून दिलं. शेकता शेकता म्हणाली, "पंधरा ऑगस्टला मी यायची नाही. एस.टी.त चढवत नाही मला."

मी म्हटलं, बरं. गेल्या महिन्यात लग्नाला कर्जतला गेली होती, तेव्हा चढली होती. पण आजचं दुखणं वेगळं असेल.

मंगळवार, ६ ऑगस्ट

मास्तरांना आणि नियाजभाईंना वखारीत गाठून सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर उठलो नसतो. माझं नाव काढायचं तर काढा, झेंडाही दुसऱ्या कुणाला द्या, हेही सांगितलं.

नियाजभाईंनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "या अल्ला! म्हणजे ज्याला आम्ही माफीवाला समजायला निघालो, त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता? मास्तर, हा गुन्हा धरायचा तर कुणाचा?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "न कळता केलेला अंगठा म्हणजे माफी नव्हे," ते म्हणाले. "पण मला लेखी हवं. तुमचं आणि त्यांच्या पत्नीचं. पतीस मजकूर माहीत नव्हता, असं स्पष्ट. बारा तारखेपर्यंत आणा, नाव घालतो."

पाथरवट तिथेच होता. मास्तरांनी त्याला अकरा नावांची जागा आखायला सांगितली. दहा कोर आणि खालची ओळ सोड.

घरी येताना गाढी नदीच्या पुलावर थांबलो. पाणी वाहत होतं. बरं वाटलं, असं लिहिणार होतो. पण दमल्यासारखंच वाटलं.

रविवार, ११ ऑगस्ट

हे लक्षात आहे तोवर जसंच्या तसं लिहितो.

अर्ज घरूनच लिहून नेला होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात नेटका अर्ज. नेऱ्याला पोचलो तेव्हा वहिनी पडवीत दोरी वळत होत्या. महादेव होता. मी आधी तोंडाने कबूल केलं. मीच तो माफीनामा लिहिला, मीच खोटं वाचलं, बळीरामाला फसवलं. मान वर करायचा धीर होईना.

वहिनी हसायला लागल्या. आधी मला वाटलं रडतात. बघतो तर पदर तोंडाला लावून हसतायत.

"भावजी, तुमी अजून त्या कागदावरच बसलाव?"

"म्हणजे?"

"त्यांना समदं म्हाईत व्हतं. तुमी माजं पत्र वाचून दाकवलं ना, त्याच दुपारी ते शिपायाकडं गेले. इचारलं, घरी जावाचं तर काय कराचं? शिपाय बोलला, माफी मागाची, दुसरा रस्ता नाय. मंग तुमच्याकडं आले, रजेचा अर्ज लिव म्हणून."

"मला सरळ का नाही सांगितलं?"

"सरळ बोलले असते तं तुमी लिवला असता? चार गोष्टी शिकवल्या असत्या. देश आन् काय काय."

खरं होतं. शिकवल्या असत्या.

"आन् हसाचे किती!" वहिनी म्हणाल्या. "कागदावर तीन वळी, आन् हा तुळशा वाचतोय वाचतोय, सपतच नाय. माजी पत्नी अवघडलेली हाय, भात उभं हाय... मना बोलले, तुजं एवढं कवतिक मी बी कदी केलं नसंल."

मला हसू येईना. "मग इतकी वर्षं मला बोलला का नाही?"

"बोलाचे, तुळशानं माज्यासाठी खोटं केलं, त्याला वाटतंय त्यानं मना वाचवला. वाटू दे." दोरी गुडघ्याखाली धरून त्यांनी आणखी एक पीळ दिला. "लाजाचे ते. आपून माफी मागून आलेला मानूस, झेंड्याखाली कसा उबा ऱ्हाणार? म्हणून मंग धोंडे उचलाचे. शाला, रस्ता, हीर, कुटं बी हाक पडली की निघाले. मी बोलाची, आता पुरे, दम लागतंय. तं बोलाचे, साडेचार महिने बाकी हायेत माजे."

महादेव इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "आये, ऱ्हाव दे ना. काकांनी लिवलंय तसंच ऱ्हाव दे. अंगठा कर, बाबाचं नाव येतंय."

"काय लिवलंय? वाचा, भावजी."

मी वाचलं. 'माझे पती कैलासवासी बळीराम यांस सदर कागदातील मजकूर माहीत नव्हता. तो रजेचा अर्ज आहे असे समजून त्यांनी अंगठा केला.'

"ह्ये खोडा."

"वहिनी, हीच एक ओळ आहे. ही असली तर नाव लागतं. हिच्यावाचून नाही लागत."

"आये!" महादेव ओरडला. "गावात काय सांगू मी? पोरांना काय सांगू?"

वहिनींनी दोरी खाली ठेवली. "तू आडवा व्हतास," त्या महादेवाला म्हणाल्या. "ते घरी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी मना कला लागल्या. सुईणीनं हात टेकले. ह्यांनी चार मानसं गोला केली, डोली केली, आन् मना पनवेलला डाक्टरकडं नेली. ते आले नसते तं तू बी नसतास आन् मी बी. आता ह्या कागदावर काय लिवलंय? त्यांना ठावं नव्हतं. म्हंजे चुकून आले घरी? येडा व्हता, अंगठा केला, सुटला, आला?" त्या माझ्याकडे वळल्या. "ते जानून आले, भावजी. त्यांना म्हाईत व्हतं लोक काय बोलतील, तरी आले. माज्यासाठी आले. आता दगडावर नाव याला पायजे म्हणून त्यांचं येनं खोडू मी?"

महादेव अंगणात गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. पाऊस पडत होता, पण डोक्यावर काही घेतलं नाही त्याने.

मी तो कागद फाडला. पिशवीतून दुसरा काढला. वहिनी सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. शेवटची ओळ मी माझ्या मनाने घातली आणि तसं त्यांना सांगितलं.

'माझे पती बळीराम यांनी माफीनाम्यावर जाणून अंगठा केला व ते घरी आले. त्यांचे नाव दगडावर घालू नये. हा मजकूर लिहिणार तुळशीराम, ज्याने तो माफीनामाही लिहिला.'

"वाचा."

वाचलं.

"परत वाचा."

परत वाचलं. या खेपेला कागदावर होतं तेवढंच वाचलं. वहिनींनी अंगठा केला आणि शाई चुलीच्या राखेने घासून काढायला आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "जेवूनच जावाचं."

सोमवार, १२ ऑगस्ट

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. मग घडी करून खिशात घातला, दप्तरात नाही.

"नियम राहिला," म्हणाले.

नियाजभाई म्हणाले, "नियम राहिला, मास्तर, ठीक आहे. पण पाथरवटाने खाली जागा सोडलीय. तिथे काय, वेलबुट्टी काढू?"

"काही काढू नका. राहू द्या तशीच."

मी विचारलं, "माझं नाव खोडायचं का?"

"तुम्ही शिक्षा पुरी भोगलीत," मास्तर म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

म्हणजे माझं नाव दगडावर राहणार, कायमचं. मला वाटलं होतं, सुटेन.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सकाळी सहाच्या एस.टी.ने नेऱ्याला गेलो. भामाने भाकरी बांधून दिली, अंगरख्याची गुंडी लावून दिली, दारापर्यंत आली आणि तिथूनच मागे फिरली.

शाळेपुढे सगळा गाव होता. दगड बसवला आहे. दहा नावं, तिसरं माझं, आणि खाली एका नावाएवढी गुळगुळीत जागा. एक बाई दुसरीला म्हणाली, पाथरवटाचा अंदाज चुकला वाटतं.

महादेव येईल असं वाटलं नव्हतं. आला, दोन्ही पोरांना घेऊन, पण मागे, चिंचेखाली थांबला. हौसावहिनी मात्र बायकांच्या अगदी पुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मास्तरांनी माझं नाव पुकारलं. मी काठीपाशी गेलो, दोरी हातात घेतली आणि मास्तरांना म्हटलं, "माझा खांदा धरलाय, हात वर जात नाही." खांदा धरलाय हे खरंच आहे, आषाढापासून धरलाय. मग चिंचेकडे बघून हाक मारली, "महादेव, इकडे ये."

लोक वाट देईपर्यंत तो जागचा हलला नाही. मग आला. हळू म्हणाला, "मी कशाला, काका? माज्या बाबाचं तं..."

"तुझ्या बापाचं एवढं एक काम राहिलंय इथलं. ओढ."

त्याने दोरी धरली. झेंडा पावसाने भिजून जड झाला होता, अर्ध्यावर गाठ अडकली. नियाजभाई मागून ओरडले, "ओढ रे जोरात, आता जंगलखात्यातलं कुणी धरत नाही!" लोक हसले. महादेवाने पाय रोवून हिसका दिला. गाठ सुटली, आतली ओली फुलं आमच्या दोघांच्या अंगावर पडली, आणि झेंडा उलगडला.

मला बसायचं होतं, पण राष्ट्रगीत सुरू झालं, उभा राहिलो. समोर हौसावहिनी होत्या. दगड त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मान वर करून त्या पोराच्या हातांकडे पाहत होत्या, आणि ते हात अजून दोरी सोडत नव्हते.